सत्याचा तास

परवा आमच्या सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून सुरू झालेली चर्चा देशाच्या अधोगतीवर जाऊन पोचली. एक गृहस्थ म्हणाले, हल्ली शाळेत नीती शिकवत नाहीत, म्हणून हे सगळं असं झालंय. सगळ्यांनी माना डोलावल्या. शेजारच्या बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, तुम्ही तर जन्मभर शाळेत होतात, तुमच्या वेळी कसं छान होतं ना. मी म्हटलं, आमच्या वेळी नीती शिकवत होते, म्हणून तर हा शब्द ऐकला की माझं डोकं उठतं. त्यांना तो विनोद वाटला. त्या हसल्या आणि सभा पुन्हा टाकीकडे वळली.

मला हसू आलं नव्हतं. दिवाळीच्या अंकात शिक्षिकेने लिहायचं म्हणजे गोड आठवणी लिहायच्या, अशी अपेक्षा असते. फराळाच्या ताटात कारलंही असावं, असं समजून वाचा.

स्वातंत्र्य नवं होतं तेव्हा मी डोंबिवलीला एका खासगी शाळेत लागले. डोंबिवली म्हणजे स्टेशनजवळची चार-दोन आळ्यांची वस्ती, भोवती भातशेती आणि पलीकडे खाडी. मुंबईत नोकरी करणारी बिऱ्हाडं नुकती येऊन राहत होती आणि त्यांना आपल्या मुलांसाठी शाळा हवी होती, म्हणून गावातल्या पाच-सात प्रतिष्ठितांनी मंडळ काढून ती सुरू केली होती. मी पाचवी ते सातवीला मराठी आणि इतिहास शिकवायची.

बाहेरच्या माणसाला वाटतं, शिक्षक सांगतो आणि मुलं ऐकतात. खरं तर निम्मा वेळ उलटं चाललेलं असतं. सकाळी वर्गात पाय ठेवला की मुलं सांगायला लागतात. बाई, काल आमच्या बाबांनी ताट फेकलं. बाई, आमची आत्या सासरहून परत आली, पण कुणाला सांगायचं नाही. बाई, आमच्याकडे पाहुणे आले की आई दुधात पाणी घालते. कुणाच्या घरी काय शिजतं आणि काय करपतं, ते त्या घरच्या माणसांआधी बाईंना कळतं. आमच्या धंद्यात हे ऐकायचं आणि गिळायचं, अशी रीत आहे. ती कुठल्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवत नाहीत. जुन्या शिक्षिका नवीला पहिल्या आठवड्यात एवढंच सांगतात, की बाई, शिक्षकाचं पोट मोठं हवं. आणि त्यातलीच दुसरी गोष्ट म्हणजे, ज्या प्रश्नाचं उत्तर मुलाच्या घराला महागात पडेल, तो प्रश्न वर्गात विचारायचा नाही.

आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना ही रीत मान्य नव्हती. ते कल्याणच्या कोर्टात वकिली करत, म्हणून सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणत. शुभ्र खादी, सरळ नाक आणि त्याहून सरळ चालणं. चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. ते लबाड असते तर मला त्यांचा इतका राग आला नसता. लबाड माणसाशी निदान तडजोड करता येते. हे गृहस्थ खरोखरच सचोटीचे होते आणि जगात आपल्यापेक्षा वेगळी अडचण कुणाला असू शकते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. नव्या राष्ट्राला नवे, सत्यनिष्ठ नागरिक हवेत, असं म्हणून त्यांनी शनिवारचा शेवटचा तास ‘सत्याचा तास’ म्हणून ठरवून टाकला. मुलांनी एकेक करून उभं राहायचं आणि आठवड्यात आपल्या हातून किंवा आपल्या घरात जे बरंवाईट घडलं, ते सर्वांसमोर सांगायचं. जो सगळ्यात खरं बोलेल त्याच्या छातीला बिल्ला. वर्षभरात ज्याचं सत्य सगळ्यात वरचढ ठरेल, त्याला स्नेहसंमेलनात रौप्यपदक.

सत्याची स्पर्धा लावली की काय होतं, ते मी पहिल्याच महिन्यात पाहिलं. मुलं हुशार असतात. बिल्ला मिळावा म्हणून ती न केलेल्या चोऱ्या कबूल करायला लागली. एकाने आजोबांची कवळी विहिरीत टाकल्याचं सांगितलं. आजोबा दुसऱ्या दिवशी कवळीसकट शाळेत हजर.

पण एकदा खरंखुरं सत्य बाहेर पडलं. स्टेशनजवळच्या किराणा दुकानदार शेठचा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, आमचे बाबा रेशनच्या साखरेच्या पोत्याजवळ ओलं गोणपाट ठेवतात, म्हणजे साखर ओल धरते आणि वजनाला भरते. वर्गातली निम्मी मुलं त्याच दुकानातून साखर नेणारी. ती घरी जाऊन बोलली. सोमवारी शेठ तावातावाने शाळेत आले. मला म्हणाले, "बाई, नीती शिकवा, माझी ना नाही. पण ती दुकानाच्या आत आणू नका." शेठ मंडळाचे सभासद होते आणि नव्या खोलीच्या पत्र्यांसाठी देणगी त्यांचीच होती. वकीलसाहेबांनी त्यांना बसवून घेतलं, चहा पाजला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की मुलं अजाण असतात, त्यांना नीट कळत नाही, प्रत्येक गोष्ट धरून बसू नये. पुढच्या शनिवारी शेठच्या मुलाला बोलायची पाळीच आली नाही. साखर ओलीची ओलीच राहिली.

हे आधी सांगितलं, कारण माझा राग नुसता पुढे जे झालं त्याचा नाही, या साखरेचाही आहे.

खाडीकडच्या एका आगरी गावातून माझ्या वर्गात एक मुलगी येत असे. मथुरा तिचं नाव. तिचा बाप बामा पावसात भाताची शेती करी आणि उन्हाळ्यात मिठागरावर जाई. त्या गावातून सातवीपर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी. तिला शाळेत ठेवावं म्हणून मी स्वतः बांधांवरून चालत जाऊन तिच्या आईबापाची समजूत घातली होती. सातवीची फायनल पास झाली की त्या काळी मुलीला प्राथमिक शाळेत नोकरी मिळत असे. आपल्याच गावात शाळा काढायची आणि आपण तिथे बाई व्हायचं, हे मथुराने मनात पक्कं केलं होतं. घरी ती आगरीत बोले आणि शाळेत शुद्ध मराठीत, आणि दोन्हींत भरपूर बोले. तिचं बोलणं थांबवायला मला पट्टी आपटावी लागे. मला ती फार आवडायची, हे सांगायला आता कशाची भीती?

मुंबई राज्यात दारूबंदी आली होती. वकीलसाहेब तिच्या प्रचार समितीचेही अध्यक्ष होते. एका शनिवारी ते स्वतः सत्याच्या तासाला येऊन बसले. प्रश्न मात्र त्यांनी अगदी साधा विचारला. आपापल्या घरी देवाला काय नैवेद्य दाखवतात, ते सांगा. कुणी दूधसाखर म्हणालं, कुणी पुरणपोळी. सगळी उत्तरं कशी सोवळ्यातली. मग मथुरा उभी राहिली. तिच्या थोरल्या भावाचं लग्न आठ-दहा दिवसांवर आलं होतं आणि तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

ती म्हणाली, "आमच्याकडे हळदीच्या दिवशी देवाला आणि पितरांना दारूचा नैवेद्य असतो. पहिली धार देवाची. ती दाखवल्याशिवाय घरात कुणी तोंडसुद्धा लावत नाही."

यात काही वावगं आहे, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. आमच्या घरी देवाआधी कुणी खात नाही, हे ती अभिमानाने सांगत होती. आगरी घरांत पूर्वापार चालत आलेला तो कुळाचार. मी झटकन म्हटलं, बस खाली मथुरा, पुढचा कोण? वकीलसाहेबांनी हात वर केला. "बोलू द्या तिला, बाई." आणि मग त्यांनी गोड आवाजात, साक्षीदाराला विचारावं तसं, एकेक विचारून घेतलं. कोण काढतं? बाबा. कुठे? खाडीकडच्या झुडपांत. ती आनंदाने सांगत गेली. इतका मोठा माणूस आपल्या घरच्या लग्नाची चौकशी करतोय, असंच तिला वाटलं असणार. तिच्या छातीला त्यांनी स्वतःच्या हाताने बिल्ला लावला.

त्याच संध्याकाळी मी हेडमास्तरांकडे गेले आणि म्हटलं, हे शाळेच्या भिंतीबाहेर जाता कामा नये. हेडमास्तर भले गृहस्थ, पण कणा कमी. ते म्हणाले, अहो, अध्यक्षांच्या कानांवर पडलंय, आता मी काय करणार?

हळदीच्या दिवशी पोलीस आले. मांडवात बायका गाणी म्हणत होत्या, नवऱ्या मुलाच्या अंगाला हळद लागत होती. घरात काही सापडलं नाही. खाडीकडच्या झुडपांत एक पिंप आणि मडकी सापडली, पण ती कुणाची, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. तरी बामाला धरून नेलं. दोन दिवसांनी गावच्या लोकांनी जामीन देऊन सोडवलं. लग्न कसंबसं लागलं.

मग फौजदार शाळेत आले. पिंप बामाचं आहे असं सांगणारं कुणी नव्हतं. गाव मुकं झालं होतं. सांगणारी एकच, ती माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची. त्यांना तिचा जबाब हवा होता. मी सांगितलं, आईबापांना सोबत आणल्याशिवाय माझ्या वर्गातल्या मुलीशी तुम्हाला बोलता येणार नाही. फौजदार माणूस बरा होता. तो म्हणाला, बाई, मलाही हे काम आवडत नाही, पण वरून विचारणा होतेय. आणि निघून गेला.

वरून म्हणजे वकीलसाहेबांकडूनच, हे मंडळाच्या बैठकीच्या दिवशी कळलं. वकीलसाहेबांनी त्या वर्षीचं रौप्यपदक मथुराला द्यायचं ठरवलं होतं. स्नेहसंमेलनाला ठाण्याहून मोठे अधिकारी पाहुणे म्हणून येणार, दारूबंदीच्या खात्याचीही माणसं असणार. त्यांच्यासमोर मुलीने वर्गात सांगितलेलं सत्य पुन्हा एकदा सांगायचं आणि पदक घ्यायचं. घरच्या माणसाची भीड न धरता सत्य सांगणारी आगऱ्याची पोर. वकीलसाहेबांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं होतं, असं मला सांगितलं गेलं.

मी सभासद नव्हते. तरी परवानगी मागून आत गेले. म्हटलं, ती तक्रार करायला उभी राहिली नव्हती. तुम्ही देवाचं विचारलंत, तिने देवाचं सांगितलं. आता बापाच्या विरुद्ध तिला सगळ्या गावासमोर उभं करायचं, ही कसली नीती?

वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "बाई, सत्याला नातं नसतं."

"मग साखरेला होतं का?" मी विचारलं.

शेठ समोरच बसले होते. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. वकीलसाहेब म्हणाले, ती गोष्ट वेगळी, तो गैरसमज होता. ते हे मनापासून बोलत होते, म्हणून तर माझा संताप अनावर झाला. ओल्या साखरेतून गावाच्या तोंडचा घास चोरणारा माणूस पत्रे देतो, म्हणून त्याच्या घरातलं सत्य गैरसमज ठरतं, आणि देवासमोर वाटी ठेवणाऱ्या माणसाच्या घरातलं सत्य राष्ट्राच्या कामाचं ठरतं. मी हे सगळं तसंच बोलून दाखवलं. दारूबंदी चांगली की वाईट, यावर मी वाद घालत नव्हते. दारूने उद्ध्वस्त झालेली घरं मीही पाहिली होती. पण सरकारला गुन्हेगार पकडायचा असेल तर त्याने पोलीस पाठवावेत, माझी मुलगी गळाला लावू नये. हेडमास्तरांनी मला चहा घेणार का, असं विचारलं.

मथुराने शाळेत यायचं बंद केलं होतं. तेव्हा हेडमास्तरांकडून तिच्या घरी निरोप गेला, की संमेलनाला आली नाही तर फायनलला बसवणार नाही. हा निरोप मला न विचारता गेला. मला कळला तेव्हा संमेलन दुसऱ्या दिवशी होतं.

ती आली. भावाच्या लग्नात शिवलेलं जरीकाठी परकर-पोलकं घालून, केस चप्प बसवून. बरोबर बाप नव्हता, आई नव्हती, गावातलं कुणीच नव्हतं. मी तिच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, तू काहीही बोलू नकोस, नुसती उभी राहा, मी बघते. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

वकीलसाहेबांनी सत्यावर भाषण केलं. पाहुण्यांनी पदक हातात घेतलं. मथुराला पुढे बोलावलं. पहिल्या रांगेत फौजदार होते. वकीलसाहेब तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, बाळ, वर्गात जे सांगितलंस ते सगळ्यांना सांग.

ती एकही शब्द न अडखळता, मी शिकवलेल्या शुद्ध मराठीत बोलली. "मी वर्गात खोटं बोलले होते. मला बिल्ला हवा होता, म्हणून. आमच्या घरी दारू नसते. माझे बाबा काढत नाहीत. आम्ही देवाला गूळखोबरं दाखवतो."

एवढं बोलून ती नमस्कार करून खाली उतरली आणि मांडवाच्या बाजूने सरळ बाहेर चालू लागली. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी मुलांना खोटं बोलल्याबद्दल किती वेळा शिक्षा केली असेल, पण त्या दिवशी मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. एकटीनेच. शेजारी बसलेल्या शिक्षिकेने माझा पदर ओढून मला खाली बसवलं. पदक पाहुण्यांच्या हातात राहिलं, मग घाईघाईने एका मुलाला बोलावून दिलं. त्याने बहिणीची पेन्सिल लपवल्याचं कबूल केलं होतं.

बामावरचा खटला पुढे टिकला नाही. पण मंडळाने मथुराचं नाव कमी केलं. कारण काय, तर पाहुण्यांसमोर असत्य भाषण. मी भांडले, अर्ज केले, ठाण्याला जाऊन शिक्षणखात्यात दोनदा बसून आले. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, बाई, मंडळाच्या अंतर्गत बाबींत आम्ही पडत नाही. सत्य अंतर्गत झालं होतं. पुढच्या वर्षी आगरी गावांतून एकही मूल आमच्या शाळेत आलं नाही. वकीलसाहेबांना त्याचं मनापासून वाईट वाटलं. आगरी समाजाला शिक्षणाची गोडी कशी लावावी, यावर त्यांनी व्याख्यान दिलं आणि तेही चांगलं झालं, असं ऐकलं. मी ती नोकरी सोडून ठाण्याला दुसऱ्या शाळेत गेले. तिथे नीतीचा तास माझ्याकडे आला की मी मुलांना मैदानावर सोडत असे. हेडमास्तरीणबाईंनी कारण विचारलं तर सांगायची, त्यांना तिथे जास्त कळतं.

आज कुणी सभेत उठून म्हणतं की शाळांनी नीती शिकवावी, तेव्हा मला विचारावंसं वाटतं, कुणाच्या घरची? कुणाच्या नैवेद्याची? ज्याच्याकडे पत्रे देण्याची ऐपत आहे त्याची की नाही त्याची? ते मला भांडखोर म्हणतात. म्हणोत.

ठाण्याला जाण्याआधी मी मथुराच्या गावी गेले होते. बाहेरून फायनलला बसता येतं, पुस्तकं मी देते, अभ्यास घ्यायला रविवारी येते, असं सांगायचं होतं. बामा घरी नव्हता. मथुराची आई ओटीवर भात पाखडत होती. मला वाटलं होतं ती मला दारातून परत पाठवेल, आणि तिने पाठवलं असतं तर मला ते रास्तच वाटलं असतं. पण तिने सूप बाजूला ठेवलं, मला बसायला पाट दिला, पाणी दिलं. माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "बाय, तुमचा आमाला राग नाय. तुमी पोरीसाठी भांडल्या, आमाला ठावं हाय. पन आता ती घरान पन काय बोलत नाय. पयले इचारते, आये, ह्या सांगू का? भाकर पायजे, ह्या पन इचारून सांगते."

मथुरा आतून येऊन उंबऱ्याशी उभी राहिली. मी पुस्तकांची पिशवी तिच्यापुढे केली आणि विचारलं, कशी आहेस गं?

तिने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. मग ती म्हणाली, "बरी आहे."